तीच भीती, दुसऱ्यांदा

भयपटाचे नाव काढले की घरात दोन पक्ष पडतात. वडीलधाऱ्यांना त्यात केवळ ओंगळपणा दिसतो; सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींना तो पाहिल्याखेरीज आपण मोठे झालो असे वाटत नाही. पूर्वी हा वाद चित्रपटगृहाच्या दाराशीच मिटत असे. 'ए' प्रमाणपत्राच्या चित्रपटास अठरा वर्षांखालील प्रेक्षकाला आजही तेथे प्रवेश नाही. परंतु मोबाइलला द्वारपाल नसतो, आणि चाळीस वर्षांपूर्वीचा अमेरिकन चित्रपटही आपला मुलगा रात्री पांघरुणात पाहू शकतो. तेव्हा या जातीचा एक नमुना आपणच एकदा डोळसपणे पाहून घ्यावा, या हेतूने 'फ्रायडे द थर्टीन्थ, पार्ट टू' या १९८१ सालच्या चित्रपटाविषयी लिहीत आहे.

ज्यांत एखादा मारेकरी तरुण मुलामुलींना धारदार शस्त्राने एकामागून एक ठार करीत सुटतो, अशा भयपटांना इंग्रजीत 'स्लॅशर' म्हणतात. १९७८ सालच्या 'हॅलोवीन'ने या धंद्यात पैसा आहे हे दाखवून दिले. त्यानंतर शॉन कनिंगहॅम या निर्मात्या-दिग्दर्शकाने 'फ्रायडे द थर्टीन्थ' या नावाची मोठी जाहिरात एका व्यावसायिक वृत्तपत्रात दिली, तेव्हा त्याच्या हाती पटकथाही नव्हती! नाव आधी, गोष्ट मागाहून. सुमारे साडेपाच लाख डॉलरांत झालेल्या त्या चित्रपटाची १९८० साली अमेरिकेत जवळजवळ चार कोटी डॉलरांची तिकिटे खपली. एवढे झाल्यावर दुसरा भाग निघणार नाही तर काय? एक वर्ष पुरे होण्याच्या आत तो पडद्यावर आलासुद्धा. त्याचा खर्च साडेबारा लाखांच्या घरात आणि अमेरिकेतील तिकीटविक्री सुमारे दोन कोटी सतरा लाख डॉलर. म्हणजे विक्री निम्म्याजवळ घसरली, तरी खर्चाच्या सतरापट. या जमाखर्चाचा विसर पडू देऊ नये. चित्रपटातील पुष्कळशा गोष्टी त्यावरून उलगडतात.

पहिल्या भागाची कथा थोडक्यात अशी. १९५७ साली एका तळ्याकाठच्या शिबिरात जेसन नावाचा मुलगा बुडाला, कारण त्याच्यावर लक्ष ठेवणारी तरुण मंडळी आपल्याच नादात होती. अनेक वर्षांनी ते शिबिर पुन्हा उघडू लागताच खून पडू लागतात, आणि मारेकरी निघते ती त्या मुलाची आई. रक्तपात कितीही भडक असला, तरी या कथेच्या बुडाशी एक खरी गोष्ट आहे: दुसऱ्याच्या लेकराची हेळसांड, आणि त्या दुःखाने भ्रमिष्ट झालेली आई. दुसऱ्या भागापुढे अडचण अशी, की आईचा शिरच्छेद पहिल्याच भागात होऊन गेलेला. मग जो मुलगा बुडून मेला म्हणून सारे घडले, तोच जिवंत होता असे ठरवण्यात आले. पहिल्या भागाचे पटकथालेखक व्हिक्टर मिलर यांना हे रुचले नाही, आणि रक्तपाताच्या करामती रचणारे टॉम सॅव्हिनी यांनीही या भागात काम केले नाही. मूळ घटनाच मोडीत काढल्यावर सूडाला अर्थ तो काय उरला?

काटकसर तर पहिल्या दृश्यापासून दिसते. पहिल्या भागातून वाचलेली ॲलिस झोपेत तळमळत आहे आणि तिचे दुःस्वप्न म्हणून जुन्या चित्रपटातील प्रसंगच पुन्हा दाखवले जातात. वाटीभर शिळ्या भाताला फोडणी द्यावी तसा हा प्रकार! त्यानंतर मात्र स्टीव्ह मायनर या दिग्दर्शकाने भीतीची यंत्रणा कशी चालते याचा जणू पाठच दिला आहे. खिडकीतून एकाएकी मांजर उडी घेते. आपण दचकतो आणि लगेच हसतो. मन असे सैल पडते, त्याच क्षणी ॲलिस शीतकपाटाचे दार उघडते आणि आत जेसनच्या आईचे शिर! दुसरी युक्ती कॅमेऱ्याची. झाडाआडून तो असा डोकावतो, की मारेकऱ्याच्या डोळ्यांनी आपणच पाहू लागतो. तिसरी युक्ती ध्वनीची. संगीतकार हॅरी मॅनफ्रेडिनी यांनी 'कि' आणि 'मा' ही दोन अक्षरे ध्वनिक्षेपकात पुटपुटून त्यांचे पडसाद उमटवले. तो आवाज कानी आला की मारेकरी जवळ आहे असे आपण समजावे. ही यंत्रणा मुलांना एकदा उलगडून दाखवावी. मांजर येताच आता खरा धक्का येणार हे ज्याने ओळखले, त्या मुलाची झोप उडण्याचे भय पुष्कळच कमी.

ॲलिसची भूमिका करणाऱ्या एड्रियन किंग यांच्याविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पहिल्या भागाच्या यशानंतर एका चाहत्याने प्रत्यक्षातच त्यांचा पाठलाग चालवला होता, आणि त्यामुळे दुसऱ्या भागातील आपली भूमिका लहान असावी अशी त्यांची इच्छा होती, असे त्यांनी पुढे सांगितले. पडद्यावरची भीती दीड तासात संपते. ही तशी संपणारी नव्हती.

मधल्या भागाविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. पाच वर्षांनी त्याच तळ्याच्या आसपास दुसरे शिबिर भरते आणि जंगलातील झोपडीत वाढलेला, डोक्यावर एकाच डोळ्याचे भोक असलेली पिशवी घातलेला जेसन एकेकाला गाठतो. चाकांच्या खुर्चीतील एका उमद्या तरुणाबद्दल आपल्या मनात जिव्हाळा उत्पन्न केला जातो, तो केवळ पुढच्या धक्क्याची तरतूद म्हणून. हे मला निर्दय वाटले, आणि रक्तापेक्षा त्याचीच अधिक किळस आली. गावातल्या गुत्त्यात रात्रभर बसून राहिलेली मंडळी मात्र सुखरूप राहतात. त्यावरून कोणी भलताच बोध घेऊ नये.

परंतु जिनी या मुलीकरिता हा चित्रपट लक्षात ठेवावा. एमी स्टील यांनी ती मनापासून उभी केली आहे. जिनी बालमानसशास्त्राची विद्यार्थिनी. त्याच गुत्त्यात जेसनची दंतकथा निघते, इतर थट्टा करतात, आणि ही एकटीच विचारात पडते: तो मुलगा खरोखर वाचला असेल, रानात एकटाच वाढला असेल, तर मरण म्हणजे काय हे त्याला कोणी समजावले असेल? ज्या एका माणसाची त्याला माया होती, त्या आईला त्याने डोळ्यांदेखत मरताना पाहिले असेल तर? सोबती हसून विषय उडवून लावतात. हाच विचार शेवटी तिला वाचवतो. झोपडीत जेसनने आईचे शिर मेणबत्त्यांमध्ये मांडून ठेवले आहे, शेजारी तिचा स्वेटर आहे. जिनी तो अंगात चढवते आणि आईच्या स्वरात, जरबेने, त्याला नावाने हाक मारते. शस्त्र उगारलेला तो राक्षसी देह थबकतो, मान कलती करतो, आणि क्षणभर आपल्यासमोर बुडालेला तो मुलगा उभा राहतो.

आपल्या मुलाने हा चित्रपट चोरून पाहिला असे कळले, तर रागावण्याआधी त्याला या दृश्याविषयी विचारून पाहावे. जेसन का थांबला? जिनीला काय कळले होते, जे इतरांना कळले नाही? किती जण मेले हे तो झटकन सांगेल. या प्रश्नांना त्याला थोडा वेळ लागेल. तेवढा वेळ त्याच्याजवळ बसावे.

१९८२ साली तिसरा भाग आला. एमी स्टील यांनी त्यात काम केले नाही. जेसनला हॉकीच्या खेळातला मुखवटा मिळाला, तो लोकांना फार आवडला, आणि पुढे एकंदर बारा चित्रपट निघाले.