पाच दिवसांचे दान

शौचाला डांबरासारखे काळे होणे ही आपल्या मध्यमवर्गीय घरांत चारचौघांत बोलण्याची गोष्ट नव्हे. 'पित्त' किंवा 'मूळव्याध' म्हणून तिची बोळवण होते. रुग्ण पंडुरोगावर लोहाच्या गोळ्या घेत असेल, तर त्यांनीही मल काळा होतो आणि खरा रक्तस्राव त्याआड लपतो. अस्थिमज्जेच्या विकारात हा गैरसमज जिवावर बेतू शकतो.

अप्लास्टिक ॲनिमिया किंवा मायलोडिस्प्लेसिया या विकारांत मज्जेतील रक्तनिर्मितीच खुंटते वा बिघडते. निरोगी रक्तात दर घनमिलिमीटरला दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात; या रुग्णांत ही संख्या १०,००० च्याही खाली जाऊ शकते. मग जठरातील किरकोळ व्रणही वाहता राहतो आणि अंगदुखीसाठी घेतलेली ॲस्पिरिनची गोळी आगीत तेल ओतते. अशा वेळी केवळ पित्तशामक औषध पुरत नाही. दात्याच्या प्लेटलेट द्याव्या लागतात.

खरा प्रश्न येथेच उभा राहतो. तांबड्या पेशी शीतपेटीत पाच-सहा आठवडे टिकतात. प्लेटलेट मात्र साधारणपणे ५ दिवसच, त्याही २० ते २४ अंश सेल्सिअस तापमानात सतत हलत्या ठेवून. म्हणजे जयंतीच्या दिवशी शेकडो दात्यांनी दिलेल्या प्लेटलेट पुढच्या पंधरवड्यातील रुग्णाच्या कामी येत नाहीत. मे महिन्यात तर महाविद्यालये बंद आणि शिबिरे विरळ. रोगाला मात्र सुट्टी नसते.

उत्सवाखेरीज दाते जमत नाहीत, असे कार्यकर्ते म्हणतील. त्यात तथ्य आहे. परंतु जमलेल्या दात्यांनी त्याच दिवशी रक्त दिले पाहिजे, असे थोडेच आहे? निम्म्यांनी नाव आणि पुढची तारीख द्यावी. पुरुषाला तीन महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते, स्त्रीला चार महिन्यांनी. तीन महिन्यांत तेरा आठवडे येतात. तेव्हा एखाद्या कचेरीतील वा शाळेतील सव्वीस पुरुषांनी पाळी लावली, तर दर आठवड्याला दोन दाते वर्षभर मिळतात. सावेडीसारख्या सुशिक्षितांच्या उपनगराला हे अशक्य नाही. रक्तस्राव होत असलेल्या रुग्णाला घेऊन सुमारे १२० किलोमीटरवरील पुणे गाठण्यापेक्षा आपल्याच रक्तपेढीत दात्यांची वही भरलेली असणे केव्हाही श्रेयस्कर.