शिंगांचा ईएमआय

हरणाची शिंगं जन्मभर तीच असतात, असं कुणाकुणाला वाटतं? लाजू नका, हात वर करा. परवापरवापर्यंत माझाही हात वरच होता.

झालं असं, की डिसेंबरातल्या एका वीकेंडला आईला घेऊन पेंचला गेले. सिल्लारी गेटमधून आत शिरलो. वाघोबांनी नेहमीप्रमाणे दांडी मारली. पण एका वळणावर रस्त्याच्या कडेला चितळाचं शिंग पडलेलं दिसलं. आई लगेच सुरू, "अगं, हॉलमध्ये टीव्हीच्या वर काय मस्त दिसेल!" जिप्सीतून उतरायला बंदी, तरी ती वाकलीच. गाईड हसला, "नाही जी काकू, उचललं तर केस होते. राहू द्या, साळिंदर कुरतडते ते. अन् शिंगाचं काय, दरसाली पडते, दरसाली येते."

दरसाली येते? अख्खं हाड? घरी येऊन वाचायला बसले आणि गारच झाले.

शिंगं दोन तऱ्हेची. काळवीट, रोही यांची कायमची. आत हाड, वर आपल्या नखांसारखं केराटिनचं आवरण. चितळ, सांबर यांच्या नरांची मात्र पूर्ण हाडाची, आणि गळणारी. टेस्टोस्टेरॉन घसरलं, की शिंगाच्या बुडाशी ऑस्टिओक्लास्ट नावाच्या हाड खाणाऱ्या पेशी कामाला लागतात. शिंग गळतं. जखम भरते आणि तिथल्याच मूळ पेशी नवं शिंग उभारायला घेतात. आयजीएफ-१ हे प्रोटीन पेशींना वाढायला लावतं, व्हीईजीएफ नव्या रक्तवाहिन्या आणतं, कोलॅजन चौकट बांधतं आणि त्या चौकटीत कॅल्शियम भरलं जातं. वरून मखमली कातडी. मोठ्या जातीच्या हरणांत हा वेग दिवसाला २ सेंटीमीटरच्या घरात जातो. आपलं मनगट मोडलं तर ६ आठवडे प्लास्टर, वर बॉसची बोलणी! टेस्टोस्टेरॉन पुन्हा चढलं, की शिंग टणक होतं, मखमल वाळते आणि स्वारी ती झाडावर घासून काढते.

पण एवढं कॅल्शियम आणायचं कुठून? नुसत्या चाऱ्यावर भागत नाही. मग हरीण ते स्वतःच्या बरगड्यांतून उसनं घेतं. काही काळ बरगड्या खरोखरच विरळ होतात. शिंग पुरं झालं, की चरून चरून कर्ज फिटतं. दरवर्षी लोन, दरवर्षी फेड!

हे वाचताना मला कपाटातली आईची फाईल आठवली. गेल्या दिवाळीत तिचा डेक्सा स्कॅन झाला होता. निदान, ऑस्टिओपोरोसिस. मेनोपॉजनंतर इस्ट्रोजेन घसरतं आणि हाडं खाणाऱ्या पेशी जोर धरतात. कोणत्या? त्याच, ऑस्टिओक्लास्ट. हार्मोन घसरलं आणि हाड गेलं, गोष्ट तीच. फक्त चितळाचं हार्मोन पुढच्या मोसमात परत येतं. आईचं येणार नाही.

शास्त्रज्ञांना हरणात एवढा रस आहे तो यासाठीच. २०२३ मध्ये चिनी संशोधकांनी शिंग गळलेल्या जागेतल्या पेशी उंदरांच्या डोक्यात घातल्या, तर तिथे शिंगासारखं हाड उगवलं. 'सायन्स'मध्ये ते छापून आलं. पण त्यातून आईसाठी गोळी निघायला अजून वेळ आहे.

आणि जिमवाल्या मित्रांनो, हरणाच्या शिंगाचा स्प्रे शोधू नका. २०१३ मध्ये गोल्फर विजय सिंगने तो वापरल्याचं सांगितलं आणि केवढा गदारोळ झाला! आयजीएफ-१ खेळाडूंना बंद आहे. शिवाय गिळलेलं प्रोटीन पोटात तुरीच्या वरणासारखंच पचून जातं, थेट दंडात जात नाही.

आपल्या हाडांच्या खात्यात मोठी जमा होते ती साधारण तिशीपर्यंत. पुढे मुख्यतः खर्च. मी अठ्ठावीसची. मिहानमधल्या एसीत दिवसाचे नऊ तास बसून असते, ऊन दिसतं ते काचेतून, आणि चढायच्या पायऱ्या म्हणजे लिफ्ट बंद पडते तेव्हाच्या.

म्हणून सध्या सकाळी आम्ही दोघी अंबाझरीला चालायला जातो. आईला डॉक्टरांनी औषधं दिलीत आणि चालायला सांगितलंय. मला कुणी सांगितलेलं नाही. परवा तलावाच्या काठावर धापा टाकत बसले, तर आई म्हणाली, "ऊठ गं. तुझ्या वयात मी विहिरीचं पाणी शेंदत होते."

उठले. तिचे हप्ते थकलेत, माझी जमा करायची मुदत अजून दोन वर्षं आहे.