हिरवट वटवट्या, भागियाभाई आणि माझे कान



दसऱ्याचा फाफडा-जिलेबी खाऊन झाली की आमची गाडी डभोईकडे निघते, हे या सदराच्या जुन्या वाचकांना आता पाठ झालं असेल. वडोदऱ्यापासून तासाभरावरचं गाव, सासऱ्यांच्या वाट्याला आलेलं जुनं घर, परसात एक मोठा आंबा, दोन कडुनिंब आणि पलीकडे कपाशी, तूर, थोडं भात. कोजागिरीपर्यंत तिथे राहायचं, सकाळी पाखरं बघायची, वहीत लिहायची आणि त्यातलं थोडं तुम्हाला सांगायचं. यंदाही तेच सांगणार आहे. पण त्याआधी एक चूक दुरुस्त करायची आहे, आणि ती माझीच आहे.

गेल्या वर्षी याच सदरात मी लिहिलं होतं की आमच्या आंब्यावर येणारा हिरवट पर्ण वटवट्या तीन वर्षं आलेला नाही आणि चष्मेवालाही कमी झालाय. कारणही ठोकून दिलं होतं : कपाशीवरची फवारणी. किडे मेले, म्हणून किडे खाणारे गेले. वाचायला बरं वाटलं असेल. तुमच्यापैकी काहींनी तर अगदी हळहळून पत्रं पाठवली होती.

हा वटवट्या दिसायला काही फार नाही. चिमणीपेक्षा लहान, पाठ हिरवट, पोट मळकट पांढरं, डोळ्यावर लांब फिकट भुवई आणि पंखावर एक बारीक रेघ. तीही पिसं झिजली की दिसेनाशी होते. उन्हाळ्यात तो हिमालयात आणि त्याच्याही उत्तरेला असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याकडे उतरतो आणि मग सगळा हिवाळा झाडाच्या शेंड्याशी, पानापानांतून किडे टिपत काढतो. पानाच्या रंगाचं पाखरू पानांत. त्याला डोळ्यांनी शोधायला गेलात तर मान अवघडेल आणि हाती काही लागणार नाही. तो सापडतो आवाजावरून. दर थोड्या वेळानं ‘चि-स्वीट’ अशी बारीक, टोकदार हाक देतो. हाक आली की त्या फांदीवर दुर्बीण लावायची.

माझी वही २००९ पासूनची आहे. त्यात २०२० पर्यंत दर वर्षी या वटवट्याची पहिली नोंद सापडते, बहुतेक सप्टेंबरच्या शेवटच्या किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली. २०२१ ला एकच नोंद. नंतर तीन वर्षं कोरी.

यंदा बहिणीची मुलगी बरोबर होती. वय वर्षं चौदा, आणि आली ती मुख्यतः आई-बाबांनी पाठवली म्हणून. पहिले दोन दिवस ती खाटेवर फोन घेऊन पडलेली. तिसऱ्या दिवशी, ५ ऑक्टोबरला रविवारी, सकाळी सातच्या सुमारास मी आंब्याखाली खुर्ची टाकून बसले होते. ती ब्रश तोंडात धरून आली आणि म्हणाली, “मावशी, हे वर कोण सारखं ओरडतंय?”

मी म्हटलं, “सातभाई असतील.”

“ते नाही गं. ते मला माहितीयेत. हे बारीक. आत्ता. आत्ता परत.”

मी कान दिला. पलीकडे टिटवी होती, कुंभारवाड्याकडे भारद्वाज घुमत होता, सातभाईंचं भांडण चालू होतं. बारीक काही नव्हतं.

तिनं फोनवर पक्ष्यांचे आवाज ओळखणारं अ‍ॅप उघडलं. मी अशा अ‍ॅपवर फारसा भरवसा ठेवत नाही. ते कधीकधी दाराच्या कुरकुरण्यालाही पाखरू ठरवतं. पण त्यात आवाजाचा आलेख पडद्यावर सरकत जातो. टिटवी ओरडली की खाली जाड पट्टे उमटत होते, ते मला ऐकूही येत होते. आणि वरच्या बाजूला, थोड्या थोड्या वेळानं, एक छोटी तिरपी खूण उमटत होती. ती उमटली की भाची म्हणायची, “हे बघ, हे.” मला त्या वेळी काहीच ऐकू येत नव्हतं. खूण उमटत होती आणि माझ्यापुरती शांतता होती. असं सहा-सात वेळा झालं. मग अ‍ॅपनं नाव दाखवलं : हिरवट पर्ण वटवट्या.

अ‍ॅपवर विश्वास नको म्हणून मी तिला दुर्बीण दिली. आवाज कुठून येतो ते तिनं बोटानं दाखवलं, पंधरा मिनिटं लागली, पण दिसला. भुवई, पंखावरची रेघ, सगळं जागच्या जागी. शेजारच्या कडुनिंबावर दुसरा होता. दुपारी चष्मेवाल्यांचा थवाही आला, दहा-बारा तरी होते. तो तर थव्यानं सतत किणकिणत जाणारा पक्षी. मला त्यांची पानं हलवण्याची खसखस दिसली, ऐकू आलं नाही काही.

वडोदऱ्याला परतल्यावर कान तपासून घेतले. बंद खोलीत बसवतात, हेडफोन लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. २५० हर्ट्झपासून ८००० पर्यंत तपासलं. दोन हजारांपर्यंत माझी रेघ बऱ्यापैकी सपाट आहे, पुढे ती घसरगुंडीसारखी खाली येते. वयानुसार हे होतं, आणि बहुतेकांचं वरच्या पट्टीपासूनच सुरू होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून ते लवकर कळत नाही. माणसांचं बोलणं ऐकू येतं, फक्त स, श, फ नीट कळत नाहीत आणि आपल्याला वाटतं, हल्लीची मुलं तोंडातल्या तोंडात बोलतात. (घरी मी हे वाक्य किती वेळा म्हटलं असेल, त्याचा हिशेब आता घरचे मला देताहेत.) टिटवी, भारद्वाज, मोर, पिंगळा, सातभाई हे सगळे खालच्या किंवा मधल्या पट्टीतले. ते खणखणीत ऐकू येतात, मग कान शाबूत आहेत असं वाटायला जागा राहते.

खरं तर वहीतच सगळं होतं. जमिनीवर दिसणारे पक्षी त्या तीन वर्षांत एकही गळलेला नाही. धोबी आहे, गप्पीदास आहे, तारेवर बसणारा खाटीक आहे, भोरड्यांचे थवे आहेत. गेले ते फक्त पानांत लपणारे, बारीक आवाजाचे. फवारणीमुळे किडे संपले असते तर फक्त तेवढेच का गेले असते? हा प्रश्न मला तीन वर्षं पडला नाही. उत्तर आधीच ठरलं होतं ना.

आता यातला अवघड भाग.

आमची जमीन भागियाभाई बघतात. भागिया म्हणजे पिकात वाटा घेऊन शेती करणारा, हे गुजरातेत वाढलेल्यांना सांगायला नको. पण आमचे बेळगाव-ग्वाल्हेरचे वाचक आहेत, त्यांच्यासाठी लिहिलं. अठरा वर्षं ते आमच्याकडे आहेत. गेल्या वर्षी मी त्यांना ओट्यावर उभं करून सुनावलं होतं. तुमच्या औषधानं पाखरं गेली, माझ्या सासऱ्यांच्या वेळी हे झाड कसं बोलत असे, वगैरे. त्यांनी तेव्हा एवढंच म्हटलं होतं, “ए तो रोज बोले छे, बेन. सवारे, आंबा पर.” म्हणजे तो रोज बोलतो, सकाळी, आंब्यावर. मला वाटलं, त्यांना शिंपी म्हणायचाय, ज्याला ते दरजीडो म्हणतात. त्याचा आवाज मोठा असतो आणि तो बारा महिने तिथेच असतो. मी हसून म्हटलं, तो वेगळा. ते गप्प बसले. त्यानंतर वर्षभर हिशेबाला आले, तुरीचं पोतं पोचवलं, पण चहाला थांबले नाहीत. आमच्या ह्यांच्या लक्षात आलं होतं. मी म्हटलं, असेल काहीतरी कामात.

कोजागिरीला आमच्या ओट्यावर दोन्ही असतं, आपलं मसाला दूध आणि त्यांचे दूध-पौवा. त्या संध्याकाळी मी स्वतः त्यांच्या झोपडीवर बोलवायला गेले. तुरीत रोझ, म्हणजे आपली नीलगाय, शिरतात म्हणून ते हल्ली रात्री शेतातल्या माळ्यावर झोपतात. आदल्याच रात्री नऊ जणांचा कळप येऊन गेला होता. खुरांच्या खुणा आणि खाल्लेले शेंडे त्यांनी मला दाखवले. मी रोझांबद्दल बोलले, पावसाबद्दल बोलले, आणि मग सांगितलं. मला ऐकू येत नाही. तुम्ही गेल्या वर्षी खरं बोलत होतात. मी तुम्हाला चारचौघांत बोलले, ते चुकलं.

त्यांनी आधी विचारलं, कानाचं औषध चालू केलं का. मग म्हणाले, त्यांच्या आईलाही शेवटी असंच झालं होतं. गाय हंबरलेली कळे, पण करडाचं बारीक ओरडणं कळत नसे.

फवारणीबद्दलचं माझं मत मी बदललेलं नाही, तेही सांगते. मावा-तुडतुड्यांवर इतक्या वेळा फवारावं का, यावर आमचं त्या रात्री दूध पिता पिताच पुन्हा वाजलं. त्यांचं म्हणणं, बेन, वाटा अर्धा तुमचाही आहे, बिनफवारणीचं उत्पन्न मान्य आहे का ते आधी सांगा. प्रश्न रास्त आहे. यंदा तुरीच्या कडेचे चार चास न फवारता ठेवून बघू, इतपत ठरलंय.

आता बाकीच्या नोंदी, कारण त्यासाठीच तुम्ही हे सदर उघडता.

धोबी आला. गुजरातीत त्याला ‘दिवाळीघोडो’ म्हणतात, आणि हे नाव मला आपल्या नावापेक्षा जास्त आवडतं. दिवाळीच्या आसपास दिसायला लागतो आणि दौडत दौडत चालतो. यंदा ३ ऑक्टोबरला विहिरीजवळ एक होता, शेपटी हलवत. भोरड्या, म्हणजे इथल्या वैया, पावसाळ्यातच येऊन बसल्या आहेत. संध्याकाळी बाभळींवर त्यांचा इतका गलका असतो की तो मलाही ऐकू येतो. सुगरणींची घरटी विहिरीवरच्या खजुरीला लटकताहेत, पण रिकामी. चातक गेला. शेतावर चतुरांची गर्दी आहे. यातले काही समुद्र ओलांडून आफ्रिकेपर्यंत जातात असं अभ्यासक मानतात, त्या इवल्या पंखांकडे बघून विश्वास बसत नाही. रात्री कोल्हे ओरडले, दोन वेळा. एक घोरपड भाचीच्या चपलेजवळून गेली आणि त्या दिवसापासून तिचा फोन बराच वेळ खिशात असतो.

वढवाणा तलावावर एक सकाळ काढली. बडोदा संस्थानानं १९१० मध्ये शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव २०२१ पासून रामसर यादीत आहे, पण शरदात तिथे जाऊन निराश होऊ नका. पावसाळ्यानंतर तो काठोकाठ भरलेला असतो, काठावर चिखल उघडा पडलेला नसतो आणि पाणी सगळ्या शेतांत असल्यानं पाखरंही विखुरलेली असतात. खरी गर्दी डिसेंबर ते फेब्रुवारी. आम्हाला भुवई बदकं दिसली, टिबुकल्या दिसल्या आणि वारकरी दिसले. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा, म्हणून आपण त्यांना वारकरी म्हणतो. बांधावर भेटलेल्या एका आजोबांना विचारलं तर म्हणाले, ‘भगतडुं’. दोन भाषांच्या लोकांना त्या काळ्या पाखरात भगतच दिसावा, याची मला गंमत वाटली. भाची म्हणाली, तिला तो पाण्यावर चिडलेला वाटतो. तेही खरं आहे, ते सारखे एकमेकांच्या मागे धावत असतात.

कानाला यंत्र लावून बघतेय, पंधरा दिवसांच्या बोलीवर. मिक्सर असह्य झालाय, वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी दचकायला होतं. पण परवा सयाजीबागेत एका झाडाखाली उभी राहिले आणि वरून काहीतरी बारीक आलं. वटवट्या होता का, ते अजून सांगता येत नाही. इतक्या वर्षांत ती हाक नेमकी कशी होती, तेच डोक्यातून थोडं पुसट झालंय.

वहीत २०२२ ते २०२४ च्या कोऱ्या जागांवर मी तांबड्या पेनानं लिहून ठेवलंय : ‘आला नाही असं नाही, मला ऐकू आला नाही.’ आणि यंदाच्या पानावर : ‘५ ऑक्टोबर, सकाळी ७, आंबा. दोन. ऐकला भाचीनं.’ खाली तिनं स्वतःच्या अक्षरात भर घातलीय, ‘आणि भागियाकाकांनी, रोज.’