नोंदवहीचे भाडे

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातील सुरक्षा पथकाने ‘बिग यलो टॅक्सी’ नावाचा एक इशारा-नियम स्वतः लिहून ठेवला होता. खात्यातील एखादी मेलपेटी नेहमीपेक्षा वेगळ्या रीतीने उघडली जात असेल, तर तो वाजावा. १५ जून २०२३ रोजी तो वाजला. दुसऱ्या दिवशी खात्याने आपली मेलव्यवस्था पुरवणाऱ्या मायक्रोसॉफ्टला कळवले. ज्याचे कुलूप फुटले त्याला ती बातमी ग्राहकाकडून मिळाली. पण या प्रकरणातील खरी गोम पुढेच आहे. कोणते पत्र, केव्हा आणि कोणत्या ॲपमधून उघडले गेले, या ज्या नोंदींवर तो नियम चालत होता, त्या मायक्रोसॉफ्टच्या साध्या परवान्यात मिळतच नव्हत्या. परराष्ट्र खाते वरच्या श्रेणीचे पैसे मोजत होते, म्हणून चोरी दिसली. सोसायटीच्या फाटकावरील रखवालदाराने येणाऱ्याजाणाऱ्याची वही लिहायची, पण ती बघायची तर जादा मेंटेनन्स भरा, असाच हा व्यवहार.

चीनशी संबंधित हल्लेखोरांनी त्या वेळी २२ संस्था आणि ५०० हून अधिक व्यक्तींच्या मेलपेट्या उघडल्या. त्यात तेव्हाच्या वाणिज्यमंत्री जिना रायमोंडो होत्या, चीनमधील राजदूत निकोलस बर्न्स होते. एकट्या परराष्ट्र खात्यातून सुमारे ६०,००० पत्रे गेली. कोणाचा पासवर्ड फुटला नव्हता, कोणी फसव्या लिंकवर क्लिक केले नव्हते. हल्लेखोरांच्या हाती मायक्रोसॉफ्टची २०१६ मधील एक स्वाक्षरी-किल्ली, म्हणजे खात्यात शिरण्याच्या परवान्यावर शिक्का मारणारी किल्ली, लागली होती. ती केव्हाच मोडीत काढायला हवी होती. शिवाय ती घरगुती खात्यांची. पण तपासणीतील त्रुटीमुळे सरकारी आणि कंपन्यांच्या खात्यांवरही चालली.

ही किल्ली बाहेर गेली कशी? सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितले की, २०२१ मध्ये कोलमडलेल्या एका यंत्रणेच्या स्मृतिनकलेतून ती गेली असावी. पुरावा? नोंदी ठरावीक मुदतीनंतर पुसण्याच्या धोरणामुळे त्या काळातील लॉग उरलेले नाहीत! मार्च २०२४ मध्ये कंपनीने ही गोष्टही मागे घेतली. किल्ली असलेली अशी नक्कल सापडलेलीच नाही, असे मान्य केले. ग्राहकांना नोंदी विकणाऱ्या कंपनीकडे स्वतःच्या घरातील चोरीची नोंद नव्हती. दिव्याखालचा एवढा गडद अंधार क्वचित दिसतो. अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा आढावा मंडळाने हा हल्ला टाळता येण्याजोगा होता आणि घडायलाच नको होता, असा ठपका ठेवला. ओरड झाल्यावर कंपनीने त्या नोंदी साध्या ग्राहकांनाही खुल्या केल्या आणि त्या ठेवण्याची मुदत ९० वरून १८० दिवसांवर नेली. म्हणजे हे आधीही शक्य होते. आढावा मंडळ मात्र जानेवारी २०२५ मध्ये गुंडाळले गेले.

आपल्याकडे नियम कमी नाहीत. ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवायची, लॉग १८० दिवस जपायचे आणि सर्व यंत्रणांची घड्याळे एका प्रमाणवेळेशी जुळवायची. शेवटचे कलम किरकोळ वाटते, पण तेच सर्वांत शहाणे आहे. मेल सर्व्हर आणि फायरवॉल यांच्या घड्याळांत सात मिनिटांचा फरक असेल, तर कोण आधी आत आले आणि काय नंतर बाहेर गेले, हे जुळवताना तपासणारा रडकुंडीला येतो. वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या २०२५ मधील नियमांत तर नोंदी वर्षभर ठेवण्याची अट आहे.

कागदावर एवढे असताना एखाद्या औद्योगिक वसाहतीतील मध्यम कारखान्यात काय दिसते? ‘अकाउंट्स’, ‘परचेस’, ‘डिस्पॅच’ अशा नावांच्या मेलपेट्या. प्रत्येकीला एकच पासवर्ड आणि तो चौघांना ठाऊक. त्यातला एक गेल्या वर्षी नोकरी सोडून गेलेला. भामटा अशा पेटीत शिरला की लगेच पैसे मागत नाही. तो आधी एक छोटा नियम लावतो: ‘इन्व्हॉइस’ किंवा ‘पेमेंट’ हा शब्द असलेले प्रत्येक पत्र कोणी कधी न उघडणाऱ्या फोल्डरमध्ये जावे. मग तो निवांत वाचत बसतो आणि मोठे बिल आले की त्यातला बँक खात्याचा क्रमांक बदलून पत्र पुढे धाडतो. पैसे गेल्यावर पहिला प्रश्न येतो, तो नियम कोणी आणि कधी लावला? चौघांचा एकच पासवर्ड असेल तर लॉग असूनही उत्तर मिळत नाही. लॉग नसेल तर संशय बिचाऱ्या अकाउंटंटवर जातो आणि चोर सोडून संन्याशाला फाशी होते.

पुढची पायरी न्यायालयाची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत हॅश मूल्यासह (फेरफार झाला नसल्याचे पडताळणारा आकडा) प्रमाणपत्र लागते. त्याआधीच्या कायद्यातील प्रमाणपत्राची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अधोरेखित केली, ती जालन्याच्या निवडणूक खटल्यात. अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्या या वादात निवडणूक कार्यालयाचे चित्रीकरण होते, पण वारंवार मागूनही अधिकारी प्रमाणपत्र देईनात. सरकारी दप्तरातील चित्रफितीची ही गत, तर परदेशी क्लाउडमध्ये राहिलेल्या आणि १८१ व्या दिवशी पुसल्या गेलेल्या लॉगचे प्रमाणपत्र कोण देणार?

या सगळ्यात एक आडवळण आहे आणि त्यापासून सावध राहायला हवे. नोंदी ठेवा म्हटले की काही मालकांना कर्मचाऱ्यांची पत्रे वाचण्याचा परवाना मिळाल्यासारखे वाटते. कोणी, कधी, कुठून पेटी उघडली, याची नोंद म्हणजे लॉग. पत्रातील मजकूर नव्हे. आणि साहेबांनी कोणाची पेटी उघडली, हेही त्याच लॉगमध्ये यायला हवे. ज्यात ॲडमिनच्या हालचाली दिसत नाहीत किंवा ज्या ॲडमिनलाच पुसता येतात, त्या नोंदींवर कोणी विसंबू नये.

केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची ई-मेल खाती आता झोहोच्या यंत्रणेवर गेली आहेत. देशी कंपनीला काम मिळाल्याचे स्वागत झाले, ते योग्यच. परंतु पुरवठादार चेन्नईची झोहो की रेडमंडची मायक्रोसॉफ्ट, याइतकाच महत्त्वाचा प्रश्न नोंदी कोणाच्या ताब्यात, किती काळ आणि कोणत्या किमतीला, हा आहे. तो मात्र फारसा कोणी विचारला नाही. ‘सर्ट-इन’ १८० दिवसांची जबाबदारी ग्राहकावरही टाकते; नोंदी वरच्या परवान्यात कोंडून ठेवण्यापासून पुरवठादाराला मात्र रोखत नाही. मेलपेटी उघडल्याच्या, नियम बदलल्याच्या आणि ॲडमिनच्या हालचालींच्या नोंदी मूळ किमतीतच दिल्या पाहिजेत, ही अट केंद्राने सरकारी खरेदीत घालावी आणि मग सर्वांसाठी बंधनकारक करावी. महाराष्ट्र सरकारने आपल्या पुढच्या निविदेत ती घालण्यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही.