बाळंतिणीची कंबर

बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत असे कळले की घरादाराची काळजी मिटते. पुष्कळ बाळंतिणींची मात्र तेथूनच सुरू होते. मूल सहा महिन्यांचे झाले तरी कुशीवर वळताना, जिना चढताना कमरेखाली कळ येते; आणि ‘बाळंतपणात कंबर जायचीच’ एवढ्या वाक्यावर घरची वडीलधारी मंडळी, आणि खेदाने म्हणावे लागते की काही डॉक्टरही, तिची बोळवण करतात. हे दुखणे सोसण्याचे नव्हे, उपचाराचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गरोदरपणात कटीराचे सांधे सैल होतात, पोटाचे स्नायू ताणले जातात. प्रसूतीनंतर बहुतेकींचे दुखणे काही महिन्यांत निवळते. काहींचे वर्षानुवर्षे रेंगाळते. त्याचे खापर घरोघर कण्यात दिलेल्या भुलीच्या सुईवर फोडले जाते. टोचल्या जागी काही दिवस दुखेल. दीर्घकाळच्या कंबरदुखीचा दोष तिला देण्यास संशोधनाचा आधार नाही.

शेकशेगडी व तेलाने आराम पडतो, त्यास आमची ना नाही. पट्ट्याचाही काही काळ आधार होतो. परंतु सैल सांधा अखेर पेलावयाचा तो स्नायूंनीच. नॉर्वेत ब्रिट स्टुगे व सहकाऱ्यांनी ८१ स्त्रियांवर केलेला प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. पोट, पाठ व कटीर यांना स्थैर्य देणारे, प्रत्येकीच्या दुखण्यास बेतलेले व्यायाम ज्यांनी २० आठवडे केले, त्यांना इतर भौतिकोपचार घेणाऱ्यांहून अधिक उतार पडला आणि तो दोन वर्षांनंतरही टिकला. सगळ्याच प्रयोगांत इतके यश आले नाही. व्यायाम रामबाण नव्हे, हेही सांगितले पाहिजे. आणि लघवी अडणे, मांड्यांच्या आतल्या बाजूस बधिरता येणे, पाय लुळा पडणे किंवा कंबरदुखीसह ताप येणे, ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

२०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा कायद्यात आली. (ज्यांना ती मिळते त्या भाग्यवान!) या व्यायामास लागणारे २० आठवडे तीत बसू शकतात. परंतु सहाव्या आठवड्याला बाळाचे वजन व लस पाहिली जाते. आईला ‘कुठे दुखते का?’ असे विचारावयाचे कोणी? महापालिकेच्या प्रसूतिगृहांनी त्या तपासणीस भौतिकोपचारतज्ज्ञ बसवावा, अशी आमची मागणी आहे. आणि रोजच्या त्या अर्ध्या तासात मूल सांभाळण्याचे काम बाळाच्या वडिलांनी करावे. त्यासाठी महापालिकेच्या ठरावाची वाट पाहण्याचे कारण नाही.