विधी नियतकालिकांना तालुक्याचे न्यायालय कधी दिसणार?

गंगापूरच्या दिवाणी न्यायालयात जमिनीचा दावा दाखल झाला, की वादीचा वकील बहुधा त्याच दिवशी आणखी एक अर्ज देतो. महाराष्ट्रभरातील न्यायालयांत या अर्जाला एकच नाव आहे : निशाणी पाच. प्रतिवादीने वहिवाटीस हरकत करू नये, बांध कोरू नये, जमीन परस्पर विकू नये, यासाठी तूर्तातूर्त मनाई मागणारा हा अर्ज. मूळ दाव्याचा निकाल लागण्यास वर्षे लोटतात आणि तोवर कोणी पेरायचे व कोणी बघत बसायचे, हे या एका आदेशावर ठरते. पुष्कळ शेतकऱ्यांच्या लेखी निशाणी पाचचा आदेश हाच निकाल असतो. असे असूनही, तालुक्याच्या न्यायालयात हे अर्ज कोणत्या कारणांनी मंजूर होतात आणि कोणत्या कारणांनी फेटाळले जातात, याचा पद्धतशीर अभ्यास देशातील विधी नियतकालिकांत सहसा आढळत नाही. तेथे कृत्रिम बुद्धिमत्ता आहे, अंतराळ कायदा आहे, आंतरराष्ट्रीय लवाद आहे. बांध मात्र नाही.

या नियतकालिकांपैकी मोठा वाटा प्राध्यापक चालवीत नाहीत, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. ती चालवितात विद्यार्थी आणि वकिलीच्या उंबरठ्यावरील उमेदवार. इतर कोणत्याही विद्याशाखेत हे चमत्कारिक वाटेल. वैद्यकशास्त्राच्या नामांकित पत्रिकेत कोणते संशोधन छापावे, हे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने ठरविल्याचे कोणी ऐकले नसेल. कायद्याच्या क्षेत्रात मात्र ही प्रथा शतकाहून जुनी आहे. इंग्लंडमध्ये १८८५ साली सुरू झालेला ‘लॉ क्वार्टर्ली रिव्ह्यू’ फ्रेडरिक पोलॉक यांच्यासारख्या विद्वानाच्या संपादनाखाली निघाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८७ मध्ये, अमेरिकेत ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’ विद्यार्थ्यांनी काढला आणि तो आजही त्यांच्याच हाती आहे. येल विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रेड रोडेल यांनी १९३६ साली अशा नियतकालिकांचा बोजड शैलीसाठी आणि पोकळ विद्वत्तेसाठी खरपूस समाचार घेतला होता. तो लेखही एका विधी नियतकालिकातच छापून आला, ही गंमत वेगळी. भारतात राष्ट्रीय विधी विद्यापीठांबरोबर अमेरिकी धर्तीची ही प्रथा रुजली आणि बघता बघता तिचे पेव फुटले.

प्रथा वाईट नाही. उलट, भारतीय वकिली शिक्षणात जी पोकळी आहे, तिच्यात ती नेमकी बसते. कायद्याची पदवी आणि वकिलीची सनद यांच्यामध्ये शिकाऊ काळ असावा की नाही, यावर आपल्याकडे कधीच स्थिर धोरण राहिले नाही. मुंबईत सॉलिसिटरांची परंपरा होती. अनुभवी सॉलिसिटरच्या हाताखाली तीन वर्षे ‘आर्टिकल क्लार्क’ म्हणून राबायचे, मसुदे लिहायचे, खरेदीखतांचे मागील मालकी हक्क तपासायचे आणि मग बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीच्या अवघड परीक्षेला बसायचे, असा तो क्रम. १९७६ च्या दुरुस्तीने १९७७ च्या प्रारंभापासून ॲटर्नी हा वेगळा वर्ग कायद्यातून गेला; परीक्षा आणि तिची प्रतिष्ठा मात्र मुंबईत टिकून राहिली. उर्वरित महाराष्ट्राला असा क्रम कधी लाभलाच नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने १९९५ च्या नियमांनी सनदेपूर्वी एक वर्षाचे प्रशिक्षण सक्तीचे केले, तर सर्वोच्च न्यायालयाने व्ही. सुधीर प्रकरणात मार्च १९९९ मध्ये ते नियम अधिकारबाह्य ठरवून रद्द केले. आज उरली आहे ती २००८ च्या विधी शिक्षण नियमांतील इंटर्नशिप : तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी किमान १२ आठवडे, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी २०. एवढ्या अवधीत विद्यार्थी ज्येष्ठांची बॅग उचलणे आणि तारखांची डायरी लिहिणे शिकतो. तपासणे शिकतोच असे नाही.

तपासणे शिकविते ते नियतकालिकाचे संपादन. लेखकाने तळटीपेत एखाद्या निवाड्याचा दाखला दिला, तर तो निवाडा मुळात आहे काय, त्या पृष्ठावर तेच म्हटले आहे काय, ते मत बहुमताचे की भिन्नमताचे, नंतरच्या मोठ्या पीठाने ते फिरविले काय, हे सारे शिकाऊ संपादकाने मूळ उघडून पाहायचे असते. काम रटाळ आहे, बिनपगारी आहे आणि त्याचे श्रेय कोणी देत नाही. परंतु वकिलीचे अर्धे शील याच कामात घडते. त्याची किंमत अलीकडे फार ठळकपणे कळू लागली आहे. न्यूयॉर्कमधील एका न्यायालयाने २०२३ साली, संगणकाने रचलेले अस्तित्वातच नसलेले निवाडे खरे म्हणून सादर करणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलरचा दंड केला. हे वारे आपल्याकडे पोहोचण्यास फार काळ लागला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये प्राप्तिकर विभागाचा एक आकारणी आदेश रद्द केला. त्यात आधाराला घेतलेले निवाडे प्रत्यक्षात सापडतच नव्हते. मूळ कागद उघडून पाहण्याची सवय सुटली की काय होते, हे सांगण्यास आणखी पुराव्याची आवश्यकता नाही.

दुर्दैवाने, याच सवयीची शाळा ठरावी अशा व्यवस्थेचा आपल्याकडे बाजार झाला आहे. लेख पाठवा, शुल्क भरा, आठवडाभरात प्रकाशन आणि प्रमाणपत्र, अशा जाहिरातींखाली चालणारी ऑनलाइन विधी नियतकालिके आज थोडीथोडकी नाहीत. लेखकही विद्यार्थी, संपादकही विद्यार्थी आणि वाचक बहुधा कोणीच नाही. नोकरीच्या अर्जात एक ओळ वाढते, इतकाच या व्यवहाराचा हेतू. मुखपृष्ठावर आयएसएसएन क्रमांक झळकतो आणि तो जणू गुणवत्तेचा शिक्का असल्याचा आव आणला जातो. वस्तुतः हा क्रमांक नियतकालिकाची ओळख पटविण्यापुरता असतो. भारतात तो नवी दिल्लीतील राष्ट्रीय केंद्राकडून विनामूल्य मिळतो आणि मजकुराच्या दर्जाशी त्याचा काडीमात्र संबंध नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली बनावट नियतकालिकांना आळा घालण्यासाठी ‘केअर’ यादीची घोषणा केली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती बंद केल्याचे जाहीर केले आणि पारख करण्याची जबाबदारी संस्थांवर व संशोधकांवर सोपविली. यादी दोषरहित होती असे नव्हे. परंतु ती गेल्यानंतर प्रामाणिक शिकाऊ संपादकाला आपले वेगळेपण दाखविण्याचा मार्ग एकच उरतो, तो म्हणजे आतील मजकूर. आणि मजकुराचा विचार सुरू झाला, की पुन्हा गंगापूरकडे यावे लागते.

विधी वाङ्मय म्हणजे विद्यापीठाची मिरासदारी, अशी महाराष्ट्राची परंपरा नाही. ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ १८९९ साली सुरू केला तो रतनलाल रणछोडदास आणि धीरजलाल ठाकोर या व्यवसायातील जोडीने. देशभरातील न्यायालयांत ज्याचा आधार घेतला जातो आणि ज्याच्या खंडांत १९१४ पासूनचे निवाडे सापडतात, तो ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ नागपूरच्या चितळे यांनी उभा केला. न्यायालयात जे रोज घडते, तेच टिपून ठेवण्याजोगे आहे, ही जाण त्यामागे होती. मर्यादा एवढीच, की हे खंड उच्च व सर्वोच्च न्यायालयांचे. तालुक्याचा निकाल त्यात येत नाही. तो पूर्वदाखला ठरत नसल्याने तसे होणे स्वाभाविकही आहे. तथापि, विद्यार्थ्यांच्या नियतकालिकांनी तीच चौकट आंधळेपणाने उचलली. वरच्या न्यायालयाने काय म्हटले, हे वकिलाला हवे असते. कायदा प्रत्यक्षात कसा चालतो, हे अभ्यासकाला हवे असावयास हवे.

त्या दृष्टीने गंगापूर तालुका म्हणजे सामग्रीचे कोठारच. वाळूज औद्योगिक वसाहतीचा पट्टा याच तालुक्यात पसरला आहे; तेव्हा न वटलेले धनादेश, कंत्राटी कामगार, बिगरशेती परवाने हे विषय शोधत फिरावे लागत नाहीत. समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेला आणि त्याबरोबर भूसंपादनाच्या मोबदल्याची भावाभावांतील वाटणी आली. दक्षिणेला गोदावरी आणि जायकवाडीच्या जलाशयाचा फुगवटा. त्याखाली आणखी एक जुना थर आहे. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि जमिनीच्या वादात त्या राज्याचा वारसा अजूनही उभा राहतो : हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५०, इनामे नष्ट करणारा १९५४ चा कायदा, १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक, त्याआधीचे उर्दू दप्तर. पुण्यामुंबईकडे तयार झालेल्या वकिलालाही हे कायदे नव्याने शिकावे लागतात. यावर अभ्यासपूर्ण लेखन करण्यास मराठवाड्यातील विद्यार्थ्याइतका योग्य माणूस दुसरा कोण?

अडचण आहे ती भाषेची. राज्यातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा म्हणून शासनाने १९९८ मध्ये मराठी अधिसूचित केली. दावा, कैफियत, रोजनामा, उलटतपास हे सारे मराठीत चालते. उच्च न्यायालयाचे कामकाज राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ मुळे इंग्रजीत, आणि विधी नियतकालिके तर आपखुशीने इंग्रजीत. परिणामी गंगापूरच्या निकालावर लिहिलेला लेख गंगापूरच्या वकिलाच्या वाचनात येण्याची शक्यता कमी, आणि त्या वकिलाला त्यातील चूक दाखविता येण्याची त्याहून कमी. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे मराठीत आणण्याचे काम सुरू आहे, ते स्तुत्यच. परंतु ती गंगा वरून खाली वाहते. खालचे वर नेण्यास वाटच नाही.

साधने पूर्वीइतकी दुर्मीळ राहिलेली नाहीत, हेही मान्य करावयास हवे. ई-कोर्ट प्रकल्पामुळे तालुका न्यायालयांचे आदेश संकेतस्थळावर येऊ लागले आणि त्याच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्राने २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. जिल्ह्यात २०१७ पासून राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे, शहरात माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालय आहे, आणि १९८१ पासून उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. ते खंडपीठ मिळविण्यासाठी मराठवाड्याला सर्वोच्च न्यायालयापर्यंत झुंजावे लागले होते. इंग्रजी लेखाबरोबर त्याचा मराठी पाठ छापणारे, लेखकांकडून पैसा न घेणारे आणि तालुक्यातील दोन अनुभवी वकिलांना परीक्षक म्हणून बसविणारे एखादे नियतकालिक येथील शिकाऊ वकिलांनी चालविले, तर त्यासाठी इमारतीची गरज पडणार नाही. परीक्षक म्हणून तालुक्याचा वकील हवाच. निशाणी पाचच्या आदेशात ‘प्रथमदर्शनी केस’ या दोन शब्दांमागे तलाठ्याचा कोणता फेरफार दडला आहे, हे त्याला कळते. प्राध्यापकाला कळेलच असे नाही.

एक धोका मात्र नजरेआड करून चालणार नाही. शिकाऊ वकील ज्या कार्यालयात बसतो, तेथील पक्षकाराचे कागद त्याच्या हाताखालून जातात. वकिलाला सांगितलेली गोष्ट गुप्त राहिली पाहिजे, हे बंधन कायद्याने त्याच्या कारकुनांवरही घातले आहे. तालुका तर इतका लहान, की नावे गाळली तरी गट क्रमांकावरून माणूस ओळखू येतो. लैंगिक गुन्ह्यांतील पीडितेची ओळख उघड करणे हा तर स्वतंत्र गुन्हाच. तेव्हा शिकाऊ संपादकाने आपल्या ज्येष्ठांच्या प्रकरणांवर लिहू नये, गाव व गट क्रमांक बदलावेत, आणि चालू दाव्यांना हात लावू नये, एवढे नियम पहिल्या अंकाआधी लिहून काढावे लागतील. निकाली निघालेल्या दाव्यांतील निशाणी पाचचे ५० आदेश घेऊनही एक अंक सहज भरेल. त्यांपैकी काही आदेश संकेतस्थळावर सापडतील. उरलेल्यांसाठी नक्कल विभागात अर्ज करून थांबावे लागेल.