स्मृतीचा दप्तरखाना

आत्मचरित्राविषयी लिहिताना आपली समीक्षा स्मृतीला अजूनही दप्तरखाना समजते. लेखकाने आत जावे, रुमाल सोडावा, कागद जसाच्या तसा बाहेर आणावा. त्यात चूक आढळली, तर स्मरणशक्ती अधू किंवा हेतू वाईट!

मेंदू मात्र असा स्थिर नाही. पीटर हटेनलॉकर यांनी निरनिराळ्या वयांत मृत्यू पावलेल्या माणसांच्या मेंदूंतील पेशींचे सांधे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. १९७९ साली त्यांनी दाखवून दिले की, मेंदूच्या पुढील भागात एक-दोन वर्षांच्या मुलाच्या सांध्यांची दाटी प्रौढांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक असते. पुढे सोळाव्या वर्षापर्यंत ती ओसरत जाते. आपण घडतो ते भर घालूनच नव्हे, गाळूनही. (ही गाळणी म्हणजे विस्मरण नव्हे, हा घोटाळा मात्र टाळावा.)

स्मृतीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रयोग २००० सालचा. करीम नादर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना एका विशिष्ट ध्वनीची भीती शिकवली. नंतर तो ध्वनी पुन्हा ऐकवून लगेच मेंदूतील भीतीशी निगडित भागात प्रथिननिर्मिती रोखणारे द्रव्य सोडले, तेव्हा शिकलेली भीती क्षीण झाली. ध्वनी न ऐकवता तेच द्रव्य दिले, तर भीती कायम राहिली. म्हणजे आठवण जागी होताच काही काळ अस्थिर होते आणि तिला पुन्हा बसवावे लागते. कागद बाहेर काढला की शाई ओली होते, म्हणा ना.

उंदराच्या भीतीवरून माणसाच्या कथनावर उडी मारणे धाडसाचे, हे मान्य. तरीही लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण घ्या. जन्म १८६८चा, ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागले १९३४ पासून. वडिलांच्या सोवळ्याचे प्रसंग अर्ध्या शतकानंतर लिहिले गेले आणि मधल्या काळात धर्म, घर, नाती सारेच बदलले होते. ते प्रसंग किती वेळा आठवले गेले असतील आणि प्रत्येक वेळी ते आठवणारी बाई कोण होती, हे विचारल्याशिवाय त्यांतल्या विनोदाचा उलगडा होत नाही.

याचा अर्थ आत्मचरित्रकाराला थापा मारण्याचा परवाना मिळाला असा नव्हे. तारखा, पत्रे, सरकारी कागद ताडून पाहावेतच. पण ते काम इतिहासाच्या अभ्यासकाचे; ते झाले की समीक्षा संपली, असे आपण का मानतो? ‘आत्मचरित्राची विश्वासार्हता’ हा ठरीव प्रश्न एखाद्या वर्षी बाजूला ठेवावा आणि लेखकाच्या आजच्या मनाने त्या जुन्या प्रसंगाचे काय केले आहे, हे विद्यार्थ्यांना मजकुरातूनच दाखवायला सांगावे.